डोणीतले पाणी

“...मग तांब्याचा कण आपला इलेक्ट्रॉन आपल्याजवळ का ठेवत नाही?”

मार्तंडअण्णांनी हे विचारले तेव्हा त्यांच्या हातात चहाची बशी होती. हाताला कंप होता, त्यामुळे चहावर बारीक लाटा उठत होत्या.

तन्मय त्यांच्यासमोर उकिडवा बसला होता. भट्टीच्या कडेच्या थंड राखेत त्याने बोटाने गोल काढले होते. ओळीवर ओळ, एकाला एक लागून.

“कारण बाहेरचा तो एखाददुसरा इलेक्ट्रॉन सैलच असतो,” तो म्हणाला. “मिठात एक अणू आपला इलेक्ट्रॉन दुसऱ्याला देतो. देणारा ठरलेला, घेणारा ठरलेला. धातूत देणारे सगळेच असतात. घेणारा कुणी नसतो.”

“मग दिलेलं जातं कुठे?”

“कुठेच जात नाही. सगळ्यांच्या मधून फिरत राहतं, समुद्रासारखं. कुठला इलेक्ट्रॉन कुणाचा, हे कुणालाच सांगता येत नाही. आणि तो समुद्रच सगळ्यांना एकत्र धरून ठेवतो.”

अण्णांनी बशी खाली ठेवली.

“सगळे देतात?”

“सगळे.”

“एखादा हात आखडता घेत नाही?”

“तांब्यात नाही.”



अण्णांनी शेजारची तांब्याची पट्टी उचलली, गुडघ्यावर हलकेच वाकवली आणि पुन्हा सरळ केली.

“म्हणून वाकतं हे,” ते म्हणाले. “मिठाचा खडा ठोकला तर भुगा होतो. त्यात कोण कुणाचा ते ठरलेलं. ओळ सरकली की जोडी मोडली. तांब्यात ओळ सरकली तरी समुद्र तोच... असंच ना?”

तन्मयने वर पाहिले. हे तो आता सांगणार होता. कॉलेजात ते नीट समजायला त्याला अख्खे सत्र लागले होते.

“असंच,” तो म्हणाला.

“अठ्ठावन्न वर्षं मी यावर घाव घालतोय. मला कुणी सांगितलं नव्हतं.”

अण्णांनी ती पट्टी कपाळाला लावली आणि जागेवर ठेवली. त्यात दिखावा नव्हता. समोर कुणी नसते तरी त्यांनी तेच केले असते.

तन्मयला वाटले, आज आपण जिंकलो.

चोवीस वर्षांच्या माणसाला असे वाटायला फार वेळ लागत नाही.

प्रवरेच्या काठच्या त्या गावात एके काळी कासारांच्या चाळीस भट्ट्या पेटत. आता एकच उरली होती, मार्तंडअण्णांची. सात भाग तांबे आणि दोन भाग कथील मुशीत वितळवून काशाची जाड वडी ओतायची. ती लाल करून घणाखाली पसरवायची. लाली उतरली की घण थांबवायचा आणि वडी पुन्हा भट्टीत घालायची. अशा तीस-चाळीस फेऱ्या झाल्या की थाळी तयार होई. अगदी शेवटी अण्णा ती लालबुंद थाळी दारालगतच्या दगडी डोणीत, पाण्यात बुडवीत. डोणीतून वाफेचा लोट उठे आणि काम संपे.

अण्णांना शहात्तरावे लागले होते. उजवा हात दिवसभर थरथरायचा. चहा सांडायचा, सदऱ्याचे बटण लागायचे नाही. हातोडा धरला की तोच हात थांबायचा. डॉक्टरांनी दोनदा तपासून पाहिले आणि मग तो विषय सोडून दिला.

घण मारायला लतीफभाई होते. तीस वर्षे ते अण्णांच्या समोर उभे राहून घण घालत होते. अण्णांचा हातोडा जिथे टिचके, तिथेच पुढच्या क्षणाला लतीफभाईंचा घण पडे. दोघांना बोलायची गरज लागत नसे. जे काही बोलणे उरे, ते लतीफभाई तन्मयवर खर्च करीत.

तन्मय धातुशास्त्राचा इंजिनियर होता. विद्यापीठाचे सुवर्णपदक त्याच्याकडे होते. दोन वर्षे त्याने पोलादाच्या कारखान्यात काम केले होते, पोलाद तापवून, निववून त्याला हवा तसा गुण आणण्याच्या विभागात. तिथून तो राजीनामा देऊन आला होता. घरी त्याने सांगितले होते की एक मोठी विद्या एका म्हाताऱ्या माणसाच्या हातात अडकून पडली आहे. तो माणूस गेला की तीही जाईल. आपण ती सोडवणार, मोजणार आणि सगळ्यांसाठी लिहून ठेवणार.

वडिलांनी एवढेच म्हटले होते की, जातोस तर पुरते शिकून ये.

या गोष्टीला अकरा महिने झाले होते.

अकरा महिन्यांत अण्णांनी त्याच्या हातात एकदाही हातोडा दिला नव्हता. भाता ओढायला दिला, सांडशी धरायला दिली, राख चाळायला दिली. सरावासाठी अधूनमधून तांबे ठोकू दिले, तेही लाकडी मोगरीने. आणि रोज सकाळी, सगळ्यांच्या आधी, डोणी भरायला लावली.

नदीवरून कावडीने पाणी आणायचे. एका खेपेला दोन डबे. बारा खेपांनी डोणी भरे.

तन्मय कोणतेही काम अर्धवट करीत नसे. तो डोणी काठोकाठ भरी. इतकी की वरून पाण्याचा पापुद्रा किंचित फुगलेला दिसे. मग दिवसभरात अण्णा थाळी बुडवीत, पाणी उसळून बाहेर येई आणि तन्मयचे पाय चिखलात रुतत.

लतीफभाई विचारीत, “इंजिनियर, तुमच्या कॉलेजात सांडलेल्याचे वेगळे मार्क असतात का?”

अण्णा यावर काही बोलत नसत. अकरा महिन्यांत एकदाही बोलले नव्हते.

त्या दिवशी, म्हणजे तांब्याची पट्टी कपाळाला लावली त्या दिवशी, अण्णांनी आणखी एक प्रश्न विचारला.

“एक राहिलं,” ते म्हणाले. “तांबं मऊ. कथील तर नखाने कोरता येतं, इतकं मऊ. दोन मऊ एकत्र आले, तर कडक कसे झाले?”

तन्मयला हाच प्रश्न हवा होता. त्याने राखेतल्या गोलांमध्ये एक मोठा गोल काढला. शेजारचे गोल त्याने जरा बाजूला ढकलले.

“तांब्याच्या ओळी पंगतीसारख्या समजा. सगळी सारख्या अंगाची माणसं. एक पंगत दुसरीला घासून सहज सरकते. कथलाचा अणू अंगाने मोठा. तो मध्ये येऊन बसला की पंगत वाकडी होते, सरकणं अडतं. अडतं, म्हणून कडक.”

लतीफभाईंनी आपल्या पोटावरून हात फिरवला.

“म्हणजे लग्नात मी बसलो की वाढपी अडतो, तसं.”

“अगदी तसं.”

“आजपासून कथलाला सांभाळून घण मारायला पाहिजे. भाऊबंद निघाला.”

अण्णा हसले. मग हसू मावळले आणि ते त्या राखेतल्या मोठ्या गोलाकडे पाहत राहिले.

“तांब्याची थाळी आपटली तर धप्प करते,” ते जणू स्वतःशीच बोलले. “काशाची गाते. अडवणारा कुणीतरी आत बसलेला असतो म्हणून...”

तन्मयने वाट पाहिली नाही.

“अण्णा, मला हातोडा कधी देणार?”

लतीफभाईंनी विनाकारण घणाचा दांडा पुसायला घेतला.

तिथे एक रीत होती. अण्णांच्या गुरूंनी घालून दिलेली. शिष्याने आपली पहिली थाळी एकट्याच्या जबाबदारीवर करायची. वडी ओतण्यापासून शेवटपर्यंत काय करायचे आणि कसे करायचे, हे त्यानेच ठरवायचे. गुरूने सांगायचे नाही, अडवायचे नाही. मग ती थाळी हातात घेऊन दाराशी उभे राहायचे आणि कमरेच्या उंचीवरून काळ्या दगडाच्या उंबऱ्यावर सोडायची.

वाजली, तर खुंटीवरचा हातोडा शिष्याचा.

फुटली, तर शिष्याने तुकडे उचलून त्याच उंबऱ्यावरून बाहेर पडायचे. वाद नाही, विनवणी नाही.

रीत एवढीच होती. त्यापुढचे कुणी सांगून ठेवले नव्हते.

तो हातोडा बावीस वर्षे कुणाला मिळाला नव्हता, खुंटीवरच होता. अण्णा दर अमावास्येला त्याच्या दांड्याला तेल लावीत.

“उद्या कर,” अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लतीफभाई आले तेव्हा भट्टी धगधगत होती, मूस चढलेली होती आणि तन्मय मोजमाप संपवून उभा होता. कावड मात्र दाराबाहेर भिंतीला टेकून कोरडी होती.

त्यांनी डोणीत डोकावले. कालचे वीतभर पाणी तळाशी होते.

“आज पाणी?”

“लागणार नाही,” तन्मय म्हणाला.

लतीफभाईंनी अण्णांकडे पाहिले. अण्णा भिंतीला टेकून बसले होते.

तन्मयने काम सुंदर केले. हे मान्यच करायला हवे. त्याने ओतलेली वडी एकसारखी निघाली, कुठे फोड नाही, कुठे घडी नाही. रंग ओळखण्यात तो एकदाही चुकला नाही. वडी पिकल्या मिरचीसारखी लाल झाली की बाहेर, लाली काळपट व्हायला लागली की थांब. खुंटीवरचा हातोडा त्याला अजून घेता येत नव्हता, म्हणून अण्णांनी आपला दिला. त्याच्या टिचक्यामागे लतीफभाईंचा घण पडत होता आणि थोड्या वेळाने लतीफभाईंच्या लक्षात आले की आपण त्याच्याकडे न बघताच घाव घालतो आहोत. तीस वर्षांत हे त्यांना फक्त अण्णांसमोर जमले होते.

अकरा महिने हा मुलगा नुसता भाता ओढत नव्हता. तो पाहत होता.

चौतिसाव्या फेरीला थाळी झाली. शेवटची लाली देऊन तन्मयने ती सांडशीत धरली आणि तो डोणीकडे न जाता उलटा वळला. कोपऱ्यात त्याने चाळलेल्या उबदार राखेचा ढीग करून ठेवला होता.

“पाण्यात नाही?” अण्णांनी विचारले.

“नाही.”

थाळी राखेत ठेवता ठेवता त्याने कारणही सांगितले. लाल धातू एकदम पाण्यात घातला की आतला ताण आतच राहतो. कारखान्यात त्याने पाण्यात घातलेले पोलादाचे भाग तडकताना पाहिले होते, एकदा तर हातात धरलेला भाग दुभंगला होता. राखेत सावकाश निवू दिले की ताण सुटतो, धातू निवांत होतो. इतकी वर्षे या भट्टीतून गेलेल्या थाळ्या टिकल्या, त्या पाण्यामुळे नव्हे, पाण्याला न जुमानता टिकल्या, असे त्याचे म्हणणे होते.

लतीफभाईंनी तोंड उघडले.

अण्णांनी मांडीवरचे एक बोट वर केले. तोंड मिटले.

“बरं,” अण्णा म्हणाले.

थाळी राखेत निवायला दुपार उलटली. लतीफभाई जेवून आले, अण्णांनी भिंतीला टेकून डुलकी घेतली. तन्मय जेवला नाही. तो राखेवर तळहात धरून बसला होता.

उन्हे कलली तेव्हा त्याने थाळी काढली. चिंचेने घासली, धुतली, पुसली. फिकट सोनेरी रंग आला होता. त्याने तिला बोटांच्या टोकांवर तोलले आणि नखाने टिचकी मारली.

आवाज आला. लांब, स्वच्छ, हळूहळू विरत जाणारा.

तन्मयने अण्णांकडे पाहिले. अण्णांनी डोळे मिटले होते आणि ते आवाज पूर्ण संपेपर्यंत ऐकत होते.

“छान आहे,” ते म्हणाले. त्यांना ती खरोखरच आवडली होती.

मग तिघेही दाराशी आले.

तन्मय उंबऱ्याच्या आत उभा राहिला. कमरेशी हात धरले. त्याला वडील आठवले नाहीत, पदक आठवले नाही. त्याला फक्त खुंटीवरच्या त्या हातोड्याचा तेलकट दांडा दिसत होता.

त्याने हात सोडले.

काच फुटावी तशी थाळी फुटली.

तीन मोठे तुकडे झाले. एक बारीक कपची उडाली आणि अंगणात जाऊन पडली.

...

लतीफभाईंनी थट्टा केली नाही. ते अंगणात गेले आणि ती कपची शोधून घेऊन आले. तन्मयच्या हातात न देता त्यांनी ती उंबऱ्यावर, बाकीच्या तुकड्यांशेजारी ठेवली.

अण्णा खाली बसले. त्यांनी एक तुकडा उचलून त्याची फुटलेली कड उजेडात धरली. कड राखाडी, दाणेदार होती. त्यांनी तुकडा उंबऱ्यावर आडवा ठेवला आणि हातोड्याने जेमतेम टिचकले.

तुकड्याचे दोन झाले.

त्यातला एक त्यांनी भट्टीत टाकला. भाता स्वतः ओढला. तन्मय पुढे झाला, तर त्याला मानेनेच मागे राहायला सांगितले. तुकडा पिकल्या मिरचीसारखा झाला, तसा अण्णांनी तो सांडशीत धरला आणि ते डोणीकडे वळले.

डोणीत वीतभरच पाणी होते.

तिथवर हात पोचत नव्हता. अण्णांनी एक गुडघा टेकला, मग दुसरा. छाती दगडाच्या काठावर दाबून ते डोणीत वाकले, खांदा आत गेला, पांढरे डोके आत गेले. सांडशी धरलेला हात स्थिर होता. गुडघे थरथरत होते.

तळाशी पाणी चुरचुरले. थोडीशी वाफ त्यांच्या तोंडावर आली.

तन्मयने हे पाहिले. हे त्याला त्या थाळीच्या आवाजापेक्षा जास्त लागले.

अण्णा काठाला धरून उठले. ओला तुकडा त्यांनी उंबऱ्यावर ठेवला, आधीच्या तुकड्याशेजारी, आणि हातोडा तन्मयकडे दिला.

“मार.”

तन्मयने मारला. तुकडा वाकला.

“जोरात मार.”

त्याने जोरात मारला. तुकडा आणखी वाकला. फुटला नाही.

एकाच थाळीचे दोन तुकडे. मूस तीच, घण तोच, सात भाग तांबे आणि दोन भाग कथील. एकाला राख मिळाली, एकाला पाणी.

तन्मय त्या वाकलेल्या तुकड्याकडे पाहत राहिला...

“मला हे माहीत होतं,” तो म्हणाला.

अण्णा थांबले. त्यांना त्याचे म्हणणे ऐकायचे होते.

“लाल असताना आत अणू एका तऱ्हेने बसलेले असतात. सावकाश निवलं की त्यांना उठायला वेळ मिळतो. ते उठतात आणि वेगळ्या तऱ्हेने बसतात. ती दुसरी बैठक काचेसारखी ठिसूळ असते. पाण्यात घातलं की उठायला वेळच मिळत नाही. लाल असतानाची बैठक तशीच राहते. पोलादाचं याच्या उलट आहे. पोलाद पाण्याने ठिसूळ होतं. काशाचं असं असतं, हे मला माहीत होतं.”

“कुठे वाचलंस?”

“परीक्षेत लिहिलं होतं. पैकीच्या पैकी मिळाले होते.”

“मग राखेत का घातलीस?”



“मला वाटलं... पाण्यात घालणं ही तुमची नुसती सवय आहे.”

लतीफभाईंनी दुसरीकडे पाहिले.

“तुम्ही मला थांबवलं का नाही?” तन्मयने विचारले. आवाज चढला नाही, पण फाटला. “रीत आहे म्हणून?”

“रीत आहेच,” अण्णा म्हणाले. “पण मला बघायचंही होतं. राखेत घालून पाहायची छाती मला अठ्ठावन्न वर्षांत झाली नाही. मला वाटलं, हा शिकलेला आहे, याला काही वेगळं दिसलं असेल.”

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर सोसणे सोपे गेले असते.

तन्मयने खिशातून रुमाल काढला. सगळे तुकडे गोळा केले. वाकलेला, न वाकलेला, अंगणात उडालेली कपचीसुद्धा. रुमालाला गाठ मारली. हातोडा अण्णांच्या पायाशी ठेवला, मग त्या पायांना हात लावला. लतीफभाईंना त्याने नमस्कार केला तेव्हा ते म्हणाले, “इंजिनियर, तुझा हात चांगला आहे.” तीस वर्षांत त्यांनी अशी पावती कुणाला दिली नव्हती आणि ती नेमकी आज द्यावी लागली, याचा त्यांना राग आलेला दिसत होता.



तन्मय उंबरा ओलांडून बाहेर गेला.

चार पावले गेल्यावर तो थांबला.

त्याची पिशवी गल्लीच्या टोकाला, भाड्याच्या खोलीत होती. बस सुटायला तासभर होता. त्याने मागे वळून पाहिले. दारातून त्याला डोणी दिसत होती. काठावरचा दगड अण्णांच्या छातीने पुसला जाऊन एका जागी काळा झाला होता. आत पाणी दिसत नव्हते. ते तळाशी होते.

उद्या सकाळी थाळी झाली, तर अण्णांना पुन्हा गुडघे टेकावे लागतील.

त्याने रुमालाची गाठोडी भिंतीशी ठेवली आणि कावड उचलली.

नदी दूर नव्हती. तो वाकला, डबे बुडवले. अकरा महिन्यांत त्याने हे पाणी पाहिले नव्हते, फक्त खेपा मोजल्या होत्या. बाराच्या वर एक नाही, बाराला एक कमी नाही. त्या संध्याकाळी तो पाण्यात हात घालून थोडा वेळ तसाच बसला. पाणी गार होते.

मग तो कावड घेऊन आला, उंबरा ओलांडून आत गेला, डबे डोणीत ओतले आणि पुन्हा बाहेर पडला. एकदाही त्याने मान वर केली नाही. आपण कुठला उंबरा ओलांडतो आहोत, हे त्याच्या ध्यानात नव्हते. पाणी आणणाऱ्याला वाटेत उंबरा येतो, तसा तो आला.

दुसरी खेप झाली. तिसरी झाली...

भट्टीशी दोघे म्हातारे बसले होते. सातव्या खेपेला लतीफभाईंना राहवले नाही. तन्मय नदीकडे गेलेला पाहून त्यांनी विचारले, “अण्णा, हा गेला होता ना?”

“गेला होता.”

“तुकडे घेऊन?”

“घेऊन.”

“रीतीप्रमाणे?”

“रीतीप्रमाणे.”

लतीफभाईंनी थोडा विचार केला. मग ते उठून बाहेर गेले, भिंतीशी ठेवलेली गाठोडी घेऊन आत आले, रुमालाची गाठ सोडली आणि सगळे तुकडे मुशीत ओतले. खण्णकन आवाज झाला.

अण्णांनी त्यांना अडवले नाही.

तन्मय बाराव्या खेपेचे पाणी घेऊन आला. पहिला डबा त्याने रिकामा केला. पाणी काठाच्या खाली चार बोटे होते. दुसरा डबा उचलून त्याने तो डोणीवर कलता केला, रोजच्यासारखा.

कलत्या डब्यावर एक हात येऊन टेकला.

तो हात थरथरत नव्हता. त्यात हातोडा होता, खुंटीवरचा, तेल लावलेल्या दांड्याचा.

“काठोकाठ नको,” अण्णा म्हणाले. “थाळी आत गेली की पाण्याला सरकायला जागा लागते.”